पिशवीतलं आणि अंगातलं

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी ही मिश्र मार्शल आर्ट्सची (एमएमएची) स्पर्धा पहिल्यांदा भरली. त्या रात्री आर्ट जिमरसन नावाचा व्यावसायिक बॉक्सर पिंजऱ्यात उतरला तो एकाच हातात ग्लोव्ह घालून. डावा हात ग्लोव्हमध्ये, उजवा उघडा. समोर पांढरा जाडाभरडा गी, म्हणजे जुजुत्सूचा अंगरखा, घातलेला रॉइस ग्रेसी. ग्रेसीने त्याला खाली घेतलं, छातीवर बसला, आणि अडीच मिनिटंही झाली नसतील तोवर जिमरसनने हात आपटून हार मानली. त्या ग्लोव्हचा ना मारायला उपयोग झाला, ना वाचायला.

हा किस्सा कोचने सांगितला आणि तात्या खदाखदा हसले. "बघ! सामान घेऊन कोण पैलवान होतो काय?"

तात्या म्हणजे कोल्हापुरातले जुने वस्ताद. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. कोच म्हणजे त्यांचाच पुतण्या. पुण्यातल्या एका एमएमए जिममध्ये पोरांच्या ताकदीचं आणि दमसासाचं बघतो. त्यांच्या नावागावात शिरण्याचं कारण नाही. असे काका-पुतणे पश्चिम महाराष्ट्रात आता बरेच भेटतील आणि त्यांच्यातला वाद सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच असतो. मधे बसलेला असतो एक पोरगा. इथला एकोणीस वर्षांचा, तालमीत वाढलेला, पण आता पिंजऱ्यात उतरायचं म्हणतो. बापाने कोचच्या हातात पैसे ठेवलेत: काय लागतं ते सामान घेऊन द्या.

कोचने नमुन्याला आणलेली पिशवी तालमीच्या कट्ट्यावर ओतली. सोळा औंसाचे फुगीर बॉक्सिंग ग्लोव्ह्ज, बोटं उघडी राहणारे छोटे ग्लोव्ह्ज, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, नडगीचे पॅड, माउथगार्ड, हेडगार्ड, अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड, लंगोटाच्या जागी घालायचा कप, आणि काळा रबरी मास्क. तात्यांनी प्रत्येक वस्तू दोन बोटांत उचलून खाली ठेवली.

"आम्ही एका लंगोटावर हिंद केसरीच्या गप्पा मारल्या, लेका."

"तात्या, तुमच्या कुस्तीत कोणी तोंडावर ठोसा मारत नव्हतं."

खरा फरक इथेच आहे, आणि कोचने तो पहिल्याच वाक्यात सांगितला हे बरं झालं. त्याने पोराचा उजवा हात पुढे घेतला, बोटं फाकवायला लावली आणि पट्टी बांधायला सुरुवात केली. साडेचार मीटरची सुती पट्टी. टोकाचा फासा अंगठ्यात अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग हाताच्या पाठीवरून तिरकं जाऊन मुठीच्या गाठींवर तीन, पुन्हा मनगट, आणि तिथून बोटांच्या एकेका बेचक्यातून पट्टी काढत परत. बांधताना बोटं फाकलेली हवीत, म्हणजे मूठ आवळली की पट्टी आपोआप ताठ बसते. फार आवळली तर बोटं निळी पडतात, सैल राहिली तर मनगट दुमडतं. "हाताच्या पंज्यात सत्तावीस हाडं असतात," कोच म्हणाला. "वेडावाकडा ठोसा बसला की करंगळीमागचं हाड पहिलं मोडतं. त्या मोडण्याला डॉक्टर बॉक्सरच्याच नावाने ओळखतात."

तात्यांनी ती बांधलेली मूठ हातात घेऊन दाबून पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न टाकला, त्याने कोचची पंचाईत केली.

"हे पोराच्या हाताला वाचवतंय. मग समोरच्याच्या डोक्याला काय?"

प्रश्न बिनतोड होता. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारायला माणूस कचरतो, कारण मूठ आधी फुटते. पट्टी बांधून ग्लोव्ह घातला की ती भीती जाते आणि डोक्यावर ठोसे वाढतात. बॉक्सिंगमध्ये हा वाद जुना आहे. एमएमएचे सामन्यातले ग्लोव्ह्ज साधारण चार औंसाचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही आतले. पकड घेता यावी म्हणून त्यात बोटं मोकळी ठेवलेली असतात. यूएफसीने ते सक्तीचे केले १९९७ मध्ये. त्याआधी बहुतेक जण उघड्या हातांनीच लढत. सरावातले सोळा औंसाचे ग्लोव्ह्ज साडेचारशे ग्रॅमचे. ते जाड असतात ते जोडीदारासाठी. नडगीच्या पॅडचंही तसंच.

"म्हणजे अर्धं सामान दुसऱ्याच्या अंगासाठी घ्यायचं," तात्या म्हणाले.

"अर्ध्याहून जास्त. जोडीदार मोडला तर उद्या कोणाबरोबर खेळणार?"

यावर तात्यांनी मान डोलावली. तालमीतही जोड मिळणं हीच मोठी गोष्ट असते. चांगला जोड गाव सोडून गेला की पैलवानाची लढत बंद पडते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

मोकळ्या बोटांचीही किंमत आहे. डोळ्यात बोट जाणं हा या खेळाचा अजून न सुटलेला त्रास. तो कमी व्हावा म्हणून यूएफसीने जून २०२४ मध्ये बोटं पुढे वाकवणाऱ्या घडणीचे नवे ग्लोव्ह्ज आणले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते बाजूला ठेवून पुन्हा जुने काढले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अबुधाबीत टॉम ॲस्पिनॉल आणि सिरिल गान यांची हेवीवेट विजेतेपदाची लढत पहिल्याच फेरीत, डोळ्यात बोट गेल्यामुळे, निकालाविना संपली. या खेळातली सगळ्यात श्रीमंत संघटना एक धड ग्लोव्ह ठरवू शकलेली नाही. जाहिरातीत 'प्रो' लिहिलेलं पाहून हुरळणाऱ्या बापांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग निघाला हेडगार्ड. तात्यांना वाटलं, ही एक तरी कामाची वस्तू आहे. "डोकं वाचतंय ना यानं? हे घे."

इथे कोच अडला. हेडगार्डने भुवई फाटत नाही, कान आणि गाल सुजत नाहीत. पण कवटीच्या आत मेंदू हिसका खाऊन आपटतो, ते त्याने थांबत नाही. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांमधून हेडगार्ड काढून टाकले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर उघड्या डोक्याने लढले. त्या निर्णयावर आजही मतभेद आहेत. पण सरावात एक गोष्ट कोणताही शिक्षक सांगेल: हेडगार्ड घातला की पोरं बिनधास्त होतात, चुकवण्याऐवजी ठोसा अंगावर घेतात.

"घ्यायलाच पाहिजे की," तात्या उसळले. "मार खाल्ल्याशिवाय अंग घट्ट होतं काय? आम्हाला वस्ताद मातीत चेंदून काढायचे."

"अंग घट्ट होतं, तात्या. नडगी होते, पाठ होते, मान होते. मेंदू होत नाही. तो दर वेळी आणखी कच्चा होत जातो."

हा या सगळ्या वादाचा गाभा आहे, आणि इथे तात्या चुकतात असं स्पष्ट म्हणायला हवं. तालमीतली 'चेंदण्याची' रीत कुस्तीत चालून गेली, कारण तिथे भार मानेवर, खांद्यावर, कंबरेवर येतो आणि हे अवयव भार पेलायला शिकतात. तीच रीत ठोशांच्या खेळात आणली की पोरगं सामन्याच्या आधीच खर्ची पडतं. ब्राझीलमधल्या कुरितिबाची शूट बॉक्स अकादमी एके काळी सरावातल्या तुंबळ मारामाऱ्यांसाठी प्रसिद्ध होती. तिथून वांडरले सिल्वासारखे जबरदस्त लढवय्ये निघाले, म्हणून जगभरच्या जिम्सनी ती पद्धत उचलली. आता वारं उलटं वाहतंय. हवाईच्या मॅक्स हॉलोवेने जानेवारी २०२१ मध्ये अबुधाबीत केल्विन केटरविरुद्ध पाच फेऱ्यांत ४४५ ठोसे-लाथा नेमक्या बसवल्या, आणि तो यूएफसीतला विक्रम ठरला. त्या लढतीच्या तयारीत आपण जोरदार स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, केलंच नव्हतं, असं त्याने सांगितलं होतं. तंत्र, पॅडवरचा सराव, दमसास आणि हलक्या हाताचा खेळ एवढ्यावर तो उभा राहिला. अर्थात हॉलोवेच्या पाठीशी वर्षानुवर्षांच्या लढती होत्या. नवख्या पोराला अंतराचा अंदाज यायला समोर हलणारा माणूस लागतोच. माणूस हवा, पण रोज जीव खाऊन मारणारा नको.

तात्यांना पटलं नाही. ते फक्त म्हणाले, "बघू." वस्तादांच्या तोंडून एवढं आलं तरी पुष्कळ.

दुसऱ्या विषयात मात्र त्यांचं पारडं जड होतं.

"आता अंगाचं बोल. ह्या पोराला काय करायला लावणार? जोर? बैठका?"

कोचने आपला तक्ता काढला: डेडलिफ्ट, स्लेज ओढणं, सायकलवर दहा-दहा सेकंदांचे जोरकस फेरे, मानेचे व्यायाम, दोर चढणं. तात्यांनी तक्त्यावरून नजर फिरवली आणि बोट ठेवलं ते शेवटच्या दोनांवर. "हे आमचंच हाय."

आहेच, आणि तालमीतल्या मेहनतीचा माग थेट पहिल्या यूएफसीपर्यंत लागतो. कार्ल गॉच हा बेल्जियममध्ये जन्मलेला पैलवान जपानमध्ये जाऊन तिथल्या मल्लांचा गुरू झाला. भारतीय पद्धतीचे दंड, बैठका आणि मुद्गल फिरवणं हा त्याच्या शिकवणीचा पाया होता. त्याच्याकडे शिकलेल्या मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी १९९३ साली पँक्रेस ही संघटना काढली. तिचं नावही गॉचनेच सुचवलेलं. तिथे लढणारा केन शॅमरॉक त्याच वर्षी डेन्व्हरच्या पिंजऱ्यातही उतरला. त्याच्या 'लायन्स डेन' या संघात यायचं असेल तर उमेदवाराला आधी पाचशे बैठका माराव्या लागत. आपल्या हौद्याच्या काठावरची मेहनत जपानला वळसा घालून कॅलिफोर्नियात पोहोचली, आणि आता पुण्यातल्या जिममध्ये 'हिंदू स्क्वॉट' या नावाने फी घेऊन शिकवली जाते. तात्यांनी हे ऐकून मिशीवरून हात फिरवला.

"पण हजार बैठकांचं काय करायचं?" कोच मुद्द्यावर आला. "व्यावसायिक लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. मधे एक मिनिट विश्रांती. विजेतेपदाची असेल तर पाच फेऱ्या. त्या पाच मिनिटांत पोरगा आठ-दहा वेळा सगळी ताकद लावून फुटतो आणि मधल्या वेळात दम गोळा करतो. हजार बैठकांनी संथ दम येतो, फुटायची ताकद येत नाही."

"आणि नुसत्या वजनं उचलण्यानं?"

"तिसऱ्या फेरीत हात वर राहत नाहीत."

दोघांचं म्हणणं खरं आहे. पहिले काही सेकंद स्नायूंतला तयार साठा जळतो. नंतर साखर जाळून ताकद मिळते आणि पायांत आग पेटते. पण त्या आगीतून सावरायचं काम प्राणवायूवर चालणारी संथ यंत्रणा करते. पाया संथ आणि त्यावर स्फोट, असा हा हिशेब. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. त्यात तयार झालेला पैलवान एमएमएच्या पहिल्या फेरीत वाघ असतो, आणि दुसरीत जाळीला पाठ लावून उभा असतो, तो यामुळे.

मात्र पैलवान हरतो ते नेहमी दमाने नव्हे. भारतातून यूएफसीत पोहोचलेला पहिला लढवय्या, मुंबईचा भरत खंडारे, २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये सोंग याडोंगसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकमध्ये सापडला. गिलोटिन म्हणजे समोरच्याचं डोकं काखेत धरून गळा आवळणं. पट काढायला खाली घुसणाऱ्याची मान आयती हातात येते, म्हणून कुस्तीतून आलेल्यांना त्याचा धोका जास्त. रितू फोगाट कुस्ती सोडून सिंगापूरला गेली, कुस्तीच्याच जोरावर वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेच्या ग्रां प्री स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिचा हात पकडीत घेऊन सामना संपवला. या दोघांना कोणत्याही पिशवीतली वस्तू वाचवू शकली नसती. पकडीतून सुटायचं कसं, हे रोज करून घेणारा जोडीदार आणि शिक्षक, हीच त्यावरची सामग्री. पूजा तोमर बालीतल्या सोमा फाइट क्लबमध्ये जाऊन राहिली ती याचसाठी; जून २०२४ मध्ये लुईव्हिलमध्ये जिंकून ती यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली.

"आणि हे काय?" तात्यांनी काळा रबरी मास्क उचलला.

"हा लावून पळायचं. डोंगरावर सराव केल्यासारखं होतं."

"इथली हवा डोंगरावरची होते काय ह्यानं?"

नाही होत. मास्कने हवेतला प्राणवायू विरळ होत नाही. फक्त श्वास ओढायला जोर लागतो. उंचावर राहिल्याने रक्तात जो बदल घडतो तो काही आठवडे तिथल्या हवेत काढल्यावर घडतो, तोंडाला रबर बांधून नव्हे. कोचने मुकाट्याने मास्क पिशवीत परत टाकला. हेडगार्डही त्याच्यामागे गेला. पण तात्या रॅशगार्डवर घसरायला लागले तसा तो थांबला. मॅटवर दिवसभर पंचवीस अंगं घासतात. गजकर्ण आणि त्वचेचे इतर संसर्ग हा जिममधला रोजचा ताप आहे, आणि अंगभर कपडा हा त्यावरचा स्वस्त उपाय. तालमीच्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घालतात. मॅटवर तसलं काही घालता येत नाही, तो रोज जंतुनाशकाने पुसावा लागतो.

वजनाचा विषय निघाला तेव्हा दोघांचेही आवाज खाली आले. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर ग्रॅम जास्त वजनापायी कुस्तीगीर विनेश फोगाटचं पदक गेलं, ते तालमीतल्या पोरापोराला पाठ आहे. एमएमएत वजन सहसा लढतीच्या आदल्या दिवशी होतं. मधे सावरायला एक दिवस मिळतो म्हणून पोरं जास्तच पाणी तोडतात: प्लॅस्टिकचा सूट घालून पळणं, गरम पाण्यात बसणं, थुंकत राहणं. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिपच्या मनिलातल्या लढतीआधी चीनचा २१ वर्षांचा यांग जियान बिंग वजन उतरवताना कोसळला आणि गेला. त्यानंतर त्या संघटनेने लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे की नाही हे पाहायला सुरुवात केली.

"आमच्यात पण वजन तोडतात," तात्या म्हणाले. "पण जत्रेच्या फडात वजनकाटा नव्हता. जोड बघून कुस्ती लावायचे."

"हा पोरगा आज ज्या वजनाचा आहे त्याच गटात खेळवू. घाम काढायचा सूट मी विकतच घेणार नाही."

"आणि मेहनत रोज?"

"आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद. लढतीच्या आधीच्या आठवड्यात निम्मी."

तात्यांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या काळीही पावसाळा मेहनतीचा आणि खुराकाचा असायचा, जत्रांचा हंगाम लागला की जोर कमी आणि लढती जास्त. कोच ज्याला 'पीरियडायझेशन' म्हणतो ते गावच्या पंचांगावर चालत होतं. लिहून ठेवलेलं नव्हतं इतकंच. मानेच्या मेहनतीत तर कोचनेच तात्यांना गुरू मानलं. बळकट मान ठोशाचा हिसका थोडा कमी करते असं मानलं जातं. त्यामुळे पोराच्या तक्त्यात तात्यांकडची मानेची मेहनत जशीच्या तशी राहिली.

शेवटी खरेदी ठरली. दंतवैद्याकडून दातांचा साचा घेऊन करून घेतलेला माउथगार्ड, कारण गरम पाण्यात टाकून चावायचा स्वस्त गार्ड सैल बसला तर पोरगं तो तोंडात ठेवत नाही. पट्ट्यांचे तीन जोड, म्हणजे रोज धुतलेली मिळते. सोळा औंसाचे ग्लोव्ह्ज, नडगीचे पॅड, कप, दोन रॅशगार्ड. छोटे ग्लोव्ह्ज सहा महिन्यांनी. उरलेले सगळे पैसे फी, खाणं आणि वर्षातून दोनदा डॉक्टर यांवर. पहिला सामना हौशी गटातला, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांचा, नडगीला पॅड आणि कोपराला बंदी असलेला.

ज्यांची मुलं-मुली या खेळाकडे वळतायत त्यांनी जिम निवडताना आरशांच्या भिंती आणि यंत्रं पाहू नयेत. तीन प्रश्न विचारावेत. आठवड्यात जोरदार स्पॅरिंग किती वेळा? मॅट कधी पुसतात? आणि सरावात एखाद्याला डोक्यावर बसून चक्कर आली तर पुढे काय करता? शेवटच्या प्रश्नाला "त्या दिवशी घरी, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग बंद" असं उत्तर आलं तर फी भरा. "तोंडावर पाणी मारलं की होतो ठीक" असं आलं तर पैसे खिशात ठेवून पोराला घेऊन बाहेर पडा.